शिवरामच्या लेथची राहिलेली खंडेनवमी

कोपरीच्या शिवरामभाऊ साळुंख्यांना कुणी "काय करता?" असं विचारलं, तर ते अजूनही "लेथवर आहे" असं ठणकावून सांगतात. पितळेच्या छोट्या नळ्या, म्हणजे बुश, कातून काढणारं ते लेथ मशीन भंगारात जाऊन जमाना झाला, कारखान्याच्या जागी टॉवर आला, पण सांगणार कोण? त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. शेवटच्या खंडेनवमीला त्यांनी लेथची पूजा केली, रिवाजाप्रमाणे मशीन बंद ठेवलं आणि दसऱ्यानंतर चालू करायला गेले, तर फाटकाला कुलूप! पूजा करून बंद ठेवलेलं मशीन कायमचंच बंद राहिलं. हे त्यांना फार लागलं होतं.

यंदा खंडेनवमीला ते हार, नारळ, हळदकुंकू घेऊन निघाले.

"घरच्या मिक्सरची करा की पूजा," त्यांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या.

"मिक्सरवर मी नोकरी केलीय का?" असं म्हणून ते सुटले.

टॉवरच्या वॉचमनने त्यांना भटजी समजून आत सोडलं. कारखान्याच्या आवारातला जुना पिंपळ बिल्डरने शोभेला ठेवला होता. त्याच्या अंदाजाने ते आपल्या लेथच्या जागी पोचले, तर तिथे जिम. नेमक्या जागी पळायचं मशीन.

"काका, मेंबरशिप?" ट्रेनर मयूरने विचारलं.

"पूजा. यातून निघतं काय रे?"

"काय नाय काका, घाम निघतो."

"तो आमचापण निघायचा. पण त्याच्याबरोबर पितळी बुश निघायचे!"

मयूर हसेपर्यंत मशीनला हार पडलासुद्धा. भाऊंनी जाहीर केलं, "आता दसरा होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही." धापा टाकणाऱ्या मंडळींना हे शास्त्र एकदम पटलं. एका बाईंनी तर आपल्याही मशीनला कुंकू लावून घेतलं आणि तडक घर गाठलं. बघता बघता जिम रिकामी झाली.

"काका, परवा चालू करायला याल ना नक्की?" मयूर काकुळतीला आला.

"फाटकाला कुलूप नसलं, तर येईन."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप नव्हतं. तेवढ्यानेच भाऊंना भरून आलं. त्यांनी मशीनला नमस्कार करून बटण दाबलं. पट्टा सरसर फिरू लागला.

"झालं ना काका?"

भाऊंनी ऐकलंच नाही. पट्ट्याच्या टोकाशी वाकून, सवयीने हात पुढे धरून, ते तयार बुशची वाट बघत होते.