झुडपी म्हणजे जंगल नव्हे

मला विश्वस्त करायला दोघं जण आले तेव्हा मी त्यांना अंगणातच बाजेवर बसवलं, घरात घेतलं नाही. पाणी दिलं. चहा दिला नाही. चहा दिला की माणूस कामाचं बोलायला उशीर लावतो.

संस्था वाघांची. म्हणजे वाघ वाचवणारी. तिचं मोठं ऑफिस परदेशात, काम बऱ्याच देशांत, आणि आमच्या वाट्याला ब्रह्मपुरीत दोन खोल्या आणि एक जीप. दोघांतला मोठा साहेब म्हणाला, संस्थेनं आपला नियम बदलला आहे. सगळे निर्णय ज्या वरच्या मंडळात होतात तिथं आता वाघाच्या शेजारी राहणारा एक माणूस पाहिजे.

"तुमच्यासारखा," तो म्हणाला.

"माझ्यासारखा म्हणजे कसा? ज्याची बायको वाघानं नेली तसा?"

तो आपल्या चपलांकडे पाहत बसला. दुसऱ्यानं रिकामा गिलास पुन्हा तोंडाला लावला.

मागच्या उन्हाळ्यात, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत, माझी बायको गेली. त्याच आठवड्यात ही संस्था एकदा येऊन गेली होती. चार शब्द बोलले, मोबाइलमध्ये माझं बोलणं भरून घेतलं, भिंतीवरच्या तिच्या फोटोचा फोटो काढला. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. काय बोललो ते मला आजही आठवत नाही. म्हणून या खेपेला मोबाइल वर झाला तसा मी म्हणालो, "ठेवा तो खिशात."

ते गेल्यावर लहान भावाची बायको आली. गावातल्या बचत गटाची ती अध्यक्ष. कुंपणापलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं.

"होऊन जा न भाऊजी. त्याईच्या पैशातून गॅस भेटते, गावाच्या कडेनं दिवे लागते. आपल्या गावाचं नाव यादीत आहे म्हणते."

"मलेच काऊन बोलावून राह्यले? शिकलेले मेले का गावातले?"

"तुम्ही तर जाऊबाईनं वाढलेला भातही वास घेऊन खात होते," ती म्हणाली. "तुमाले कोण समजावन."

ते खरं होतं. चाळीस वर्षं मी ताटाचा वास घेऊन जेवलो. बायको म्हणायची, कुत्राही एवढा हुंगत नाही. आता मी स्वतःच रांधतो आणि वास न घेता खातो.

मी हो म्हटलं, पण मनात ठेवून. पैसे देणाऱ्यांनीच अट घातली असणार, हे मला कळत होतं. परदेशातला मोठा देणगीदार विचारत असेल, तुमच्या मंडळात गावचा माणूस कुठं आहे? मग यांनी शोधला. असा शोधला, की जो जास्त बोलणार नाही, आणि ज्याचं दुःख कागदावर बरं दिसेल.

पहिली सभा ब्रह्मपुरीच्या ऑफिसात झाली. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यात चौकोन, चौकोनात माणसं. अध्यक्ष परदेशातला म्हातारा, माझ्याच वयाचा. आम्ही उन्हानं भाजत होतो आणि तो स्वेटर घालून बसला होता. माझ्याजवळ नागपूरचा दुभाषी, तो मला कानात मराठी सांगायचा. त्यानं पहिल्यांदा नियम समजावला. इथल्या कामाचा नवा प्रमुख नेमायचा आहे, त्याला सगळ्यांचे हात पाहिजेत. गावांसाठी जो पैसा सोडायचा त्याच्या ठरावावर मात्र गावच्या सभासदाची सही पाहिजेच. ती नसेल तर पैसा अडतो.

"म्हणजे माझी," मी म्हणालो.

"तुमची, काका."

मग वर्षाचा अहवाल वाटला, अजून छापायचा होता तो. मला मराठीतला दिला. मी चौथी शिकलेला, बोट ठेवून वाचतो. ते पुढं पुढं बोलत गेले, मी माझ्या बोटानं चाललो. मधल्या एका पानावर तिचा फोटो होता, आमच्या भिंतीवरचा. खाली लिहिलं होतं, पहाटे जंगलात मोहफुलं वेचण्यासाठी गेलेली महिला.

जंगलात.

ती जंगलात गेली नव्हती. ती आमच्या मोहाखाली गेली होती. ते झाड आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावरच आहे, घरापासून हाकेवर. तिनं आदल्या संध्याकाळी खाली झाडून ठेवलं होतं, की पडलेली फुलं मातीत मळू नयेत. पण लोक कसे बोलतात हे मला माहीत आहे. कोणाची बाई गेली की पहिला प्रश्न, जंगलात काऊन गेली होती? आठवडी बाजारात मला हे तोंडावर विचारलं आहे. जसं काही ती वाघाच्या घरात चोरी करायला शिरली होती. आणि आता तेच छापून देशोदेशी जाणार, आणि खाली त्या मंडळाचा सभासद म्हणून माझी सही. म्हणून मला बोलावलं होतं तर. मला वाटलं, आता सगळं जुळलं.

ठराव आला तेव्हा मी हात मांडीवरच ठेवला.

"मी सही नाई करत. पहिले हा शब्द काढा."

दुभाष्यानं काय सांगितलं ते देव जाणे, चौकोनातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मोठा साहेब कानाशी येऊन म्हणाला, "काका, अहवालाचा आणि ठरावाचा संबंध नाही."

"तुमचा नसन. माझा आहे."

सभा पुढच्या महिन्यावर गेली.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. विहारात बायकांची बैठक होती, मी बाहेरून चाललो होतो. भावाच्या बायकोनं मला दारातच अडवलं. त्या दिवशी ती चेष्टेत नव्हती.

"गॅस अडवला म्हणे तुम्ही."

"त्याईनं खोटं लिहिलं."

"लिहिलं तर लिहिलं. उद्या मले चुलीले काड्या पाहिजे. त्या कुठून आणू? एका शब्दापायी आम्ही जंगलातच जायचं न मग? तेव्हा तर खरंच लिहितीन, जंगलात गेलेली महिला."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. ती खरं बोलत होती आणि मी पण खरं बोलत होतो, आणि मला दोन्हींचं काय करायचं ते समजत नव्हतं.

आठ दिवसांनी एक बाई आली. पुण्याकडची, पन्नाशीची, केस अर्धे पिकलेले. तिलाच प्रमुख करायचं चाललं होतं. संस्थेची जीप सोडून भाड्याच्या काळीपिवळीनं आली, डोक्यावर ओढणी, चप्पल धुळीनं भरलेली. मी मनात म्हटलं, हे मला दाखवायला.

"काका, मी सही मागायला नाही आले," ती म्हणाली. "काय चुकलं ते मला दाखवा."

"चालाल?"

"चालेन."

घराच्या दारातून निघालो. मी पावलं मोजत होतो, तिलाही मोजायला लावली. हातपंप, भावाचा गोठा, मग बांधी, मग धुरा. दोनशेच्या आत झाड आलं. मोहाखाली पालापाचोळा साचला होता. यंदा कोणी झाडलं नाही. तिथं उभं राहिलं की आमचं दार दिसतं. कोणीतरी पंप हापसत होतं, त्याचा आवाज येत होता.

ती बराच वेळ घराकडे पाहत उभी राहिली.

"हे जंगल नाही," ती म्हणाली.

"मी कवा म्हटलं, जंगल आहे?"

तिनं पर्समधून मोबाइल काढला. मला वाटलं, आता फोटो. पण तिनं तो माझ्या कानाला लावला. "हे तुम्ही त्या आठवड्यात बोललात ते. मी इथं येण्याआधी तीनदा ऐकलं. तुम्हीही ऐका."

माझाच आवाज होता, पण घोगरा, दारू प्यायल्यासारखा. मी पीत नाही. आवाज म्हणत होता, "पहाटेच गेली ती. झुडपी जंगलात. मोहाकडे. मी झोपलो होतो."

मी खाली बसलो.

आमच्याकडे गावाच्या कडेला झुडपांची जी पडीक जमीन असते तिला झुडपी म्हणतात. तलाठ्याच्या कागदावर तिचं पूर्ण नाव झुडपी जंगल. नावात जंगल आहे म्हणून ती जंगल होत नाही. तिथं गुरं चरतात, बोरं मिळतात, लग्नाचा मांडव पडतो. माझ्या बायकोला जाळलं तेही झुडपीतच. आमचा मोह अर्धा धुऱ्यावर, अर्धा झुडपीत. गावात कोणी पूर्ण नाव घेत नाही, नुसतं झुडपी म्हणतो. त्या दिवशी माझ्या तोंडून कागदावरचं नाव का निघालं, कोणास ठाऊक. पंचनाम्याची भाषा दोन दिवस कानावर पडत होती, त्यातलंच असेल. लिहिणाऱ्यानं झुडपी सोडलं आणि जंगल घेतलं.

म्हणजे तो शब्द मीच दिला होता. पहिल्या सभेपासून मी ज्याच्यावर राग धरून होतो तो मीच.

"तुम्ही झोपला होता, हे आम्ही छापलं नाही," ती बाई हळूच म्हणाली.

"काऊन नाई छापलं?"

"ते तुमचं आहे."

रोज ती उठली की मी उठायचो. त्या दिवशी तिनं मला उठवलं नाही, आदल्या दिवशी मला ताप होता म्हणून. हे मी भावालाही सांगितलेलं नव्हतं. त्या मोबाइलला मात्र सांगून बसलो होतो.

परत येताना मी तिला चहा दिला, घरात बसवून. तिच्यावर विश्वास बसला असं नाही. पण ती तीनदा ऐकून आली होती.

पुढच्या सभेत मीच पहिले बोललो. दुभाष्याला सांगितलं, जसं बोलतो तसंच सांग, गोड करू नको. "चूक माझी होती. शब्द मी दिला. पण शब्द अर्धा घेतला, ही तुमची. ती जंगलात नव्हती गेली. ती झुडपीत होती, आपल्या झाडाखाली, घरून दिसन एवढ्यावर."

दुभाषी झुडपीवर अडला. चौकोनातले लोक दहा शब्द सुचवू लागले. तो एकेक शब्द माझ्या कानात परत मराठीत करून सांगायचा, माळरान, रान, गायरान, आणि मी मान हलवायचो. शेवटी स्वेटरवाला म्हातारा काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाला, "अध्यक्ष म्हणतात, ज्याला आमच्याकडे शब्द नाही तो तुमचाच ठेवू, आणि खाली त्याचा अर्थ देऊ."

"अर्थ कोण लिहिन?"

"तुम्ही सांगा, आम्ही लिहू."

मी सांगितला. मग त्या बाईला प्रमुख करायला हात वर केला, आणि गावाच्या ठरावावर सही केली. सही करण्याआधी ठराव दोनदा वाचला. मागून मोठ्या साहेबाचं घड्याळाकडे पाहणं मला जाणवत होतं. पाहू दे.

गॅस आमच्या गावात दिवाळीच्या आत आला. दिवे अजून यायचे आहेत. दर सभेला मी विचारतो आणि दर सभेला ते म्हणतात, पुढच्या महिन्यात.

दुरुस्त केलेला अहवाल इंग्रजीत छापून आला तेव्हा एक प्रत मला दिली. तिचा फोटो होता. खाली काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं. ऑफिसातला साहेब म्हणाला, "बघा काका, तुमचा शब्द." मी म्हटलं, बरं. आणि पुस्तक पिशवीत घातलं.

बसमध्ये शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. मी पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे काय लिहिलं आहे?"

तिनं वाकून पाहिलं, ओठ हलवले. "झु-ड-पी," ती म्हणाली. "झुडपी. हा तर आपलाच शब्द आहे."

मी मान डोलावली. मग पुढच्या सीटवरच्या मास्तरसारख्या दिसणाऱ्या माणसाच्या खांद्याला हात लावला आणि त्यालाही वाचायला लावलं.