घागरींची सभा

गप्प बसून अख्खं गाव हलवणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली. सांगलीच्या एका संस्थेची. म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव, तिथं ती पाण्याचं काम करायला आली. आम्हाला वाटलं, टँकर आणेल, टाकी बांधेल. हिच्या पर्समधनं निघाली दगड बांधलेली सुतळी! ती विहिरीविहिरीत सोडून पाणी किती खोल ते बघायची, आणि वाकायची अशी की निम्मी बाई आत. तिला धरायला दोघी लागायच्या. मग त्या दोघींच्याच हातात सुतळी द्यायची. बघता बघता आमच्या बायका कालवणाचं मीठ सांगावं तसं विहिरीचं पाणी सांगायला लागल्या.

सभेत तर कमालच. पाण्यावरनं आम्ही एकमेकांच्या गळपट्टीला हात घातला तरी ही कोपऱ्यात शेंगा सोलत बसायची. सरपंच खवळला, "आवं बाई, तुमीच सांगा की काय ते!" ही म्हणाली, "गाव तुमचं, पाणी तुमचं. मी काय, उद्या सांगलीला जाणार."

मग सरपंचाच्या भावानं पिण्याच्या विहिरीला खेटून उसासाठी बोअर मारायचं काढलं. बोअर लागलं की विहीर आटणार, हे शेंबड्या पोरालाबी कळत होतं. पण सासरे-दीर समोर बसलेले. बायका विरोधात हात वर करंनात. तेव्हा बाई उठली आणि एवढंच म्हणाली, "टँकरला नंबर कसा लावता?"

टँकरला आमच्याकडं बाई उभी राहत नाही, तिची घागर उभी राहते. झालं! बोअर पाहिजे त्यांची घागर लिंबाखाली, नको त्यांची देवळाच्या पायरीशी. घरटी एक.

आमची कारभारीण नुकतीच गेलेली. मी तिची घागर आणून पायरीशी ठेवली. सरपंचाचा भाऊ फिदीफिदी हसला, "नाना, मेलेल्या माणसाचं मत धरायचं व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारची हौसा, जी सासऱ्यासमोर कधी खोकली नाही, ती कडाडली, "पाणी वाहून वाहूनच मेली ती! तिची घागर पयली मोजा. आन नाना काय पाण्याबिगर जगत्यात व्हय?"

मी बाईकडं बघितलं. शेंगा सोलत होती! एक शब्द बोलली नाही, आणि गाव बोलत होतं.

पायरीशी घागरींना जागा पुरली नाही. बोअर मारायचं राहिलं.

बायका आपापल्या घागरी घेऊन घरी गेल्या. माझी तेवढी उरली. बाई म्हणाली, "नाना, उचला की."

"ऱ्हाऊ दे घटकाभर," मी म्हणालो. "जल्मात पयल्यांदा सभंला बसलीया."

बाईनं शेंगा खाली ठेवल्या. हळूच घागरीशेजारी बसली.