परतलेल्या पोरासाठी

जबलपूरच्या एका हॉटेलात ‘तरुण आणि दहशतवाद’ या विषयावर परिसंवाद होता. व्यासपीठावर वक्त्यांपेक्षा पुष्पगुच्छ जास्त होते. माझ्या शेजारी एक निवृत्त पोलीस बसला होता. बंदुकीच्या नादी लागलेल्या पोरांना समजावून माघारी आणणं, यातच त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली. अशा पोराच्या घरी गेला की तो आधी जेवायला मागायचा.

“माय वाढून राहिली की पोट्टा उठून जात नाही, जी,” तो मला म्हणाला.

प्रमुख पाहुणे एक कारखानदार होते. वाट चुकलेल्यांना जवळ घ्या, असं ते कळवळून बोलले. भाषण संपताच हा पोलीस त्यांच्याकडे गेला. जबलपूरच्याच रांझी भागातल्या एका परतलेल्या पोरासाठी त्याला त्यांच्याकडे काम हवं होतं. पोराला कुणीच दारात उभं करत नव्हतं.

पाहुणे हसले. “भैया, कल कुछ हो गया तो?”

जागेवर येऊन त्याने पोराला फोन लावला. “साहेब पाहून राहिले. थोडा दम धर.” मग फोन खिशात टाकून माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ते बंदूकवाले असं काही विचारत नाहीत. आल्या दिवशी ठेवून घेतात.”