‘चालेल’ म्हणायचं नाही

मार्च संपत आला होता तरी आमच्या ब्रॉसार्ड गावात पुन्हा फूटभर बर्फ पडला होता, आणि मी सकाळी त्याला शिव्या घालत ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. खिशातला फोन वाजला. माझी पुतणी रेवा. “काका, शी इज गॉन,” एवढंच म्हणाली. शैलावहिनी गेल्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि रेवा आईसाठी हॅलिफॅक्सहून रजा काढून आलेली. फोन तिने केला, दादाने नाही. दादा माझ्याशी बोलत नव्हता. नोव्हेंबरपासून बोलत नव्हता, कारण मी त्याच्यादेखत त्याच्या बायकोला एक प्रश्न विचारला होता.

शोकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, वहिनी एवढ्या धडाडीच्या, पण शेवटी त्यांनी हार मानली. माझं डोकंच सणकलं. मी काही शोकसभेत भांडणारा माणूस नाही... खोटं कशाला बोलू, आहे. पण रेवाने माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून गप्प बसलो. तेव्हा गिळलेलं आज दीड महिन्याने इथे बोलतोय. वहिनींनी हार मानली नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं, आणि मग खुशाल वाटून घ्यावं.

वहिनी नागपूरच्या. त्या उन्हात वाढलेली बाई दर शनिवारी रेवाला स्कीच्या क्लासला न्यायची आणि दोन तास कॅफेटेरियात इतर आयांबरोबर गार कॉफी पीत बसायची. बेचाळिसाव्या वर्षी कंटाळून त्यांनी भाड्याचे बूट चढवले. दादा म्हणाला, या वयात हाडं मोडून घ्यायचीत का? त्या म्हणाल्या, मोडली तर इथे फुकट जोडून देतात. पहिला हिवाळा पाच वर्षांची पोरं त्यांना ओलांडून जायची आणि ह्या बर्फात बसून त्यांना हात करायच्या. पण चिकाटी अशी, की काही वर्षांत शिकवण्याची परीक्षा दिली, आणि पुढे गॅस्पेझीच्या डोंगरांत ल्युक नावाच्या गाईडच्या हाताखाली ‘ऑर-पिस्त’ शिकल्या. म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या, दोरी बांधलेल्या वाटा सोडून, रानातल्या मोकळ्या बर्फातून उतरायचं. तिथे बर्फ कोसळू शकतो, माणूस गाडला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर फावडं, छातीवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र, आणि वहिनींच्या खिशात थंडीने दगड झालेले शेंगदाण्याचे लाडू.

मग त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या मराठी लोकांनाही तिकडे न्यायचं. लोक हसले. पन्नाशीची बाई, भाज्या निवडायच्या वयात डोंगरावरून उड्या मारायला शिकवणार! हसणाऱ्यांत मी पुढे होतो, आणि पहिल्या तुकडीत नाव घालणाराही मीच होतो.

ल्युकचा एक नियम होता. प्रत्येक उताराच्या माथ्यावर तो एकेकाला विचारायचा, उतरायचं का? एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळी तुकडी मागे फिरणार, आणि का म्हणून कोणी विचारायचं नाही. नियम साधा, पण आपल्या माणसांपुढे काय टिकणार? आपण भिडस्त. एके दिवशी असेच माथ्यावर उभे होतो, आणि माझा डावा गुडघा सकाळपासून ठणकत होता. पण सात माणसं माझ्यासाठी थंडीत खोळंबलेली, त्यातली चार आपल्या मंडळातली. म्हटलं, आपल्यापायी सगळ्यांचा विरस कशाला? माझी पाळी आली तेव्हा वहिनींकडे बघून मी म्हणालो, “चालेल.” त्यांनी ल्युकला फ्रेंचमध्ये सांगितलं, हो म्हणतोय.

अर्ध्या उतारावर गुडघ्याने दगा दिला. देवदारांच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली, बर्फ भुसभुशीत आणि पोकळ राहतो. मी डोकं खाली, पाय वर असा त्या खळग्यात गेलो. तोंडात बर्फ, नाकात बर्फ, ओरडायची सोय नाही. वहिनी माझ्या मागेच होत्या म्हणून आज हे लिहितोय. त्यांनी फावड्याने उपसून माझं तोंड मोकळं केलं. मी नीट श्वास घेतोय याची खात्री झाल्यावर, एरवी ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणणाऱ्या त्या बाईने मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

“तू खोटं बोललास,” त्या म्हणाल्या. “आणि मी ते खरं म्हणून पुढे सांगितलं.”

तेव्हापासून वहिनींच्या वर्गात ‘चालेल’ला मनाई. ‘बघू’ नाही, ‘तुम्ही म्हणाल तसं’ नाही. हो, नाहीतर नाही; आणि तेही आपल्या तोंडाने. एकदा एका बाईंनी माथ्यावर बारीक आवाजात नाही म्हटलं. आम्ही मुकाट्याने परतलो. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तोच उतार मजेत उतरून आली आणि त्यांचे हसरे फोटो सगळीकडे फिरले. आमच्यातले काही कुरकुरले, आणि त्या बाई तर ओशाळून अर्ध्या झाल्या. वहिनींनी सगळ्यांसमोर त्यांना एक लाडू दिला आणि आम्हाला म्हणाल्या की उतार कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी उतरा. मागे फिरल्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

मग आजार आला. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि तरी नोव्हेंबरात कळलं की तो यकृतात पोचलाय. तिसऱ्या फेरीबद्दल बोलायला गेलो तेव्हा गाडी मी चालवत होतो, म्हणून मीही त्या खोलीत होतो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, काही महिने मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत, आणि हे औषध फार कडक आहे, ठरवायचं तुम्ही. दादा फाइल छातीशी धरून बसला होता. तो लगेच म्हणाला, करू या. डॉक्टरीणबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी दादाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, “चालेल.”

दादा इंग्रजीत म्हणाला, “शी सेज येस.”

मला कोणी विचारलं नव्हतं. माझा काही संबंधही नव्हता. तोंड मिटून बसायला हवं होतं, असं अजून सगळे म्हणतात. पण मी वाकून म्हणालो, “वहिनी, हो की नाही?” दादा माझ्याकडे असं बघत होता, जसं लहानपणी मी त्याच्या चष्म्याची काच फोडली तेव्हाही त्याने बघितलं नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले. मिटूनच म्हणाल्या, “नाही.” तो शब्द डॉक्टरीणबाईंना भाषांतर न करता समजला.

पार्किंग लॉटमध्ये दादा म्हणाला, तू माझी बायको मारलीस. पुढचे कित्येक महिने ते त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य.

नंतरचे महिने सोपे नव्हते, मी काही त्यांना सोन्याचा मुलामा देणार नाही. दुखायचं, आणि खूप दुखायचं. पण त्या महिन्यांत वहिनी घरी होत्या. रेवाशी त्या पोट भरून भांडल्या, त्यांनी तिला पुरणपोळी शिकवली आणि ती बिघडवल्याबद्दल पुन्हा झापलं. फेब्रुवारीत इथल्या टेकडीच्या पायथ्याशी ब्लँकेट गुंडाळून खुर्चीवर बसल्या आणि नवशिक्यांवर तासभर ओरडल्या, “गुडघे वाकवा, नमस्कार काय घालताय!” याला हार म्हणायचं असेल तर त्या गृहस्थांनी अशी एक हार स्वतः पत्करून दाखवावी. मी पुन्हा त्या खोलीत असलो तर पुन्हा विचारीन. दादा जन्मभर बोलला नाही तरी विचारीन.

गेल्या शनिवारी दादाच्या घरावरून चाललो होतो. गराजचं दार अर्धं उघडं होतं. न बोलावता आत शिरलो. वहिनी दर वसंतात स्की उन्हाळ्यासाठी ठेवून देताना त्यांच्या तळाला इस्त्रीने मेण वितळवून जाड थर द्यायच्या, म्हणजे तळ सुकत नाही आणि कडा गंजत नाहीत. दादा आयुष्यात कधी स्कीवर उभा राहिला नाही. तो वहिनींच्या कामाच्या बाकावर त्यांची स्की उलटी ठेवून, त्यांची जुनी इस्त्री हातात धरून बसला होता. मेण स्कीपेक्षा त्याच्या पँटवर जास्त सांडलं होतं.

“इस्त्री किती गरम ठेवायची असते?” त्याने मान वर न करता विचारलं. मी सांगितलं. त्याने बटण फिरवलं, पण भलतीकडेच. बराच वेळ इस्त्री एकाच जागी धरून बसला.

“बत्तीस वर्षं,” तो म्हणाला. “मी ठरवायचो, ती चालेल म्हणायची... मला वाटायचं, आमचं किती पटतं.”

अशा वेळी धीर द्यायचा असतो. मी दिला नाही. मेण जळायला लागलं होतं, म्हणून फक्त त्याच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि त्याच्या शेजारी बसलो.