विहीर क्रमांक चार

"बाटली धुतली होती का? की घरातल्या मीठ-मिरचीचीच उचलून आणली?"

सरांनी भर प्रयोगशाळेत विचारलं. पोरं हसली. मग सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि तक्त्यावरचे विहीर क्रमांक चारचे माझे नऊच्या नऊ आकडे खोडले.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. धर्मांतर झालं तेव्हा आईच्या पोटात होते, म्हणजे जन्म बौद्धाच्याच घरातला. वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. सर म्हणाले होते, पुस्तकं मिटा, नागपूरच्या विहिरी मोजा. आकड्याला जात नसते. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना देव मानलं. आमच्यात देव मानत नाहीत, तरी मानलं.

आमची वस्ती नंदनवनच्या अलीकडे. दर रविवारी मी तिथल्या विहिरीचं पाणी भरायची. बाटली तीनदा विसळलेली, तीही प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यानं. सोमवारी ब्युरेटच्या नळीतून त्यात औषध थेंब थेंब सोडायचं, पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. त्यावरून पाण्यातला क्लोराइड, म्हणजे खारटपणा कळतो. आमचा आकडा दर आठवड्याला चढत होता. विहिरीला लागून मूत-सांडपाण्याची उघडी नाली. ती आत झिरपत होती, दुसरं काय? अख्खी वस्ती तेच पीत होती. सरांना नाली दिसली नाही. आमचं घर दिसलं.

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्याच वर्गातल्या एका वकिलाच्या मुलीला पाठवलं, माझं खरंखोटं करायला. ती विहिरीपासून दहा हात लांब उभी. नाकाला रुमाल. दोराला हात लावेना. म्हणाली, "तूच भरून दे ना."

बादली मी ओढली. बाटली मी भरली. बूच मी लावलं. वर तिच्या नावाची चिठ्ठी मात्र ती घरूनच डकवून आली होती.

आकडा आला तो माझ्या नऊही आकड्यांच्या वर. सरांनी तिची पाठ थोपटली. महिन्याभरानं बाहेरचे प्राध्यापक तक्ते बघायला आले, तेव्हा चार नंबरच्या विहिरीसमोर दहा आकडे होते. नऊ माझे, खोडलेलेच पुन्हा लिहिलेले, एक तिचा. खाली नाव एकटीचं. तिचं.

मला मारलं असतं तरी चाललं असतं. ज्याला मानलं त्यानंच गळा कापला. घरी येऊन खूप रडले. आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहून रडून राहिली वं? आकडा त्याईनं नेला. पाणी तं आपल्याच पोटात जाऊन राहिलं ना?"

माझं रडं तिथंच थांबलं. लाज वाटली. नावासाठी रडत होते मी, आणि विहीर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी आकडे टिपलेली वही मागितली. नाही दिली तर प्रॅक्टिकलचे मार्क विसर, म्हणाले. पुरावा हवा होता त्यांना, आपल्या कपाटात.

"नाही देत," मी म्हटलं. "पाणी मी मोजलं."

ती वही घेऊन आई, वस्तीतल्या सात-आठ बाया आणि मी महापालिकेत गेलो. साहेबानं विचारलं, कॉलेजची सही कुठाय? मी माझी दाखवली. त्यानं आम्हाला वाटेला लावलं. मार्क गेले. फर्स्ट क्लास गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही.

तेव्हापासून कुणाच्या गोड बोलण्यावर मी वही हातातून सोडत नाही. ज्याला माझा आकडा खोटा वाटतो, त्यानं आमच्या वस्तीत यावं. स्वतः पाणी शेंदावं, स्वतः मोजावं. मग खोडावा, हिंमत असेल तर.