थोड्या चिप्स उरल्यावर

आमच्या क्लबात आता ब्रिजऐवजी पोकरच्या स्पर्धा होतात. मी खुर्ची ओढून बघत बसतो. काल माझा ब्रिजमधला जुना जोडीदार दत्ता, त्याची मुलगी मेधा खेळत होती. तिच्यासमोर चिप्सची, म्हणजे पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांची, बुटकी चवड उरली होती.

या खेळात स्वस्थ बसूनही सुटका नसते. आळीपाळीने प्रत्येकाला सक्तीच्या चिप्स भराव्या लागतात आणि त्यांचा आकडा चढत जातो. चांगल्या पानांची वाट पाहणारा वाट पाहण्यातच झिजतो.

मेधाने हातातली राणी-नव्वी पाहिली आणि होतं नव्हतं ते पुढे सारलं. समोरचे दोघे चुळबुळले आणि पानं टाकून मोकळे झाले; मधल्या चिप्स तिच्याकडे आल्या.

"एवढ्याशा पानांवर?" मी चहाच्या सुटीत विचारलं.

"काका, आणखी थांबून चिप्स आणखी घटल्या असत्या तर मला घाबरलं कोण असतं? मग एक्के येऊन तरी काय उपयोग?"

माणूस काही गोष्टी योग्य वेळेसाठी राखून ठेवतो. दरम्यान ऐकणारेच उठून जातात.

"मेधा, ब्रिज खेळताना जोडीदाराला चोरून खुणा केल्या म्हणून तुझ्या बाबांना इथून काढलं. खूण मी केली होती, त्याने नाही."

तिने कप खाली ठेवला. "बाबा घरीच आहेत. हे त्यांच्यासमोर बोला. आत्ता."

सुटी संपल्याची घंटा झाली. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या चिप्स सक्तीच्या भरण्यात फेरीफेरीने कमी होऊ लागल्या. मला चपला सापडेपर्यंत ती दारात उभी होती. तिने एकदाही मागे वळून टेबलाकडे पाहिलं नाही.