बुजरा बैल

भिणं आणि बुजणं यांत आमच्याकडे फरक करतात. चाबूक उगारला की बैल भितो, कारण दिसतं. बुजतो तेव्हा समोर काहीच नसतं. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, पाय जमिनीत रोवलेले. नव्या सुनेलाही बुजरी म्हणतात, पण ती रुळते. बैलाची खोड जात नाही, म्हणून बाजारात ती आधी सांगावी लागते.

धरणगावच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. त्याआधी विकणाऱ्याने चार लोकांत खोडी मोठ्याने सांगायच्या. लपवली, तर बैल परत आणि वर बदनामी. मला पांढरा बैल विकणारा म्हातारा म्हणाला, "बठ्ठं सांगी दिधं, भाऊ. ऊन लागनं का बसस. दुसरी खोड नही शे." सरकीची पोती डोक्यावर वाहून मी गाडीपुरते पैसे जमवले होते, मला फसवणं सोपं नव्हतं. उन्हात बसण्याच्या त्या एका खोडीवर मी भाव चांगलाच पाडला.

पहिल्याच खेपेला बायकोला माहेरी नेत होतो. नरडाण्याच्या रेल्वे फाटकात रूळ ओलांडायला मी आरोळी ठोकली आणि बैल बुजला. आगगाडी केव्हाच निघून गेली होती, जोडीचा बैल ओढत होता, हा मात्र मागे सरत होता. मी आणखी कडाडलो, म्हाताऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं.

बायको खाली उतरली. "तुम्ही त्या निंबाखाली जाई बसा."

"आणि गाडी?"

"मी आनस."

तिने बैलाच्या मानेवर हात ठेवला. "चाल रे राजा." राजा निघाला. फाटक ओलांडल्यावर मला हाक मारून ती म्हणाली, "तो आगगाडीले नही बुजस. तुमना आवाजले बुजस."

मला ते पटलं नाही. घरी गोठ्यात मुद्दाम ओरडून पाहिलं. बैलाने दावं तोडलं.

मग विकायचंच ठरवलं. निघताना बायको बैलाच्या कपाळाला कुंकू लावून एवढंच म्हणाली, "खरी खोड सांगा बरं."

गिऱ्हाईक एक पिंजारी होता. त्याला बैल आवडला. "बोलो सेठ, खोड काय?"

भोवती माणसं जमली. फाटकाला बुजतो म्हणावं, तर ते खोटं. बैल परत आला असता. माझ्या ओरडण्याला बुजतो हे खरं सांगावं, तर अख्खा बाजार माझा आवाज ओळखत होता; खोड माझीच ठरली असती.

"बोलो ना!"

मी उपरणं खांद्यावर टाकलं. "विकायचा नाही."

घरी पोचलो. बायकोने बैलाच्या जागी कडबा आधीच टाकून ठेवला होता.

तो आमच्याकडेच म्हातारा झाला. फाटक आलं की मी आपणहून उतरून निंबाखाली जाऊन बसायचो. बायको गाडी पलीकडे न्यायची आणि हसू दाबत मला हाक मारायची.

त्या म्हाताऱ्यावरचा राग मात्र गेला नाही. शांत घरात वाढलेला बैल त्याने माझ्या गळ्यात बांधला, आणि नेमकं तेवढं सांगितलं नाही.